एमडी-१०२ची तयारी : आजवर ग्रुप पॉलिसीवरच काम केलेल्या प्रशासकाने सुरुवात कोठून करावी?

कुपवाड_एमआयडीसी यांचा प्रश्न

नमस्कार. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी कारखान्याचा संगणक विभाग मी आणि माझे एक सहकारी असे दोघे मिळून सांभाळतो. कारखाना, पुण्यातील विक्री कार्यालय आणि फिरतीवरचे अभियंते धरून दीडशेच्या आसपास संगणक आहेत. आमची व्यवस्था जुन्या वळणाची आहे. कारखान्यातच विंडोज सर्व्हर आहे, त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्ते व संगणक यांची मध्यवर्ती नोंद) चालते आणि सगळी बंधने ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून संगणकांना दिल्या जाणाऱ्या सेटिंगमधून, लागतात. नवा संगणक आला की पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचे, डोमेनला (या सर्व्हरच्या व्यवस्थेला) जोडायचे, टॅली, कॅडचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर हाताने बसवायचे आणि मगच तो वापरणाऱ्याच्या टेबलावर न्यायचा. पुण्याच्या कार्यालयातील लॅपटॉप बिघडला तर तो पार्सलने इकडे येतो आणि तोवर तेथील माणूस खोळंबून राहतो.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे व्यवस्थापनाने टप्प्याटप्प्याने नवे लॅपटॉप घेण्यास सुरुवात केली आहे, आणि ईमेलसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमचे परवानेही घेतले आहेत. बाहेरच्या सल्लागाराला दरमहा पैसे देण्यापेक्षा तुम्हीच शिकून घ्या आणि प्रमाणपत्र मिळवा, परीक्षेचे शुल्क कंपनी भरेल, असे संचालकांनी सांगितले आहे. चौकशीअंती मायक्रोसॉफ्टची एमडी-१०२ ही संगणक व मोबाइल यांच्या व्यवस्थापनाची परीक्षा माझ्या कामाच्या जवळची वाटली. मात्र एका मित्राने दिलेली पुस्तके एमडी-१०० आणि एमडी-१०१ची आहेत, आणि ती वापरावीत की बाजूला ठेवावीत हे कळत नाही.

माझ्या मुख्य अडचणी अशा. कंपनीच्या चालू व्यवस्थेवर प्रयोग करण्याची माझी हिंमत नाही, तर मग सराव कशावर करावा? ग्रुप पॉलिसीवरील इतक्या वर्षांच्या कामाचा परीक्षेत काही उपयोग होतो का, की ते विसरूनच बसावे लागते? माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, तांत्रिक इंग्रजी मला समजते, परंतु लांबलचक प्रश्न वाचायला इतरांपेक्षा वेळ लागतो. शिवाय येथील एका क्लासने ‘खात्रीचे प्रश्नसंच’ देऊ केले आहेत. ते घ्यावेत का?

तंत्रवाट यांचे उत्तर

आपल्या कामासाठी एमडी-१०२ हीच योग्य परीक्षा आहे. एमडी-१०० आणि एमडी-१०१ या दोन्ही परीक्षा ३१ जुलै २०२३ रोजी बंद झाल्या आणि त्यांची जागा या एका परीक्षेने घेतली. त्यामुळे ती पुस्तके मूळ संकल्पनांपुरती चाळण्यास हरकत नाही, पण त्यांच्या आधारे तयारी करू नये. त्यांत ज्याला अझुर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हटले आहे त्या, खाती इंटरनेटवरून सांभाळणाऱ्या सेवेचे नाव २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी झाले, यंत्रे इंटरनेटवरून सांभाळण्याच्या सेवेचे एंडपॉइंट मॅनेजर हे नाव मागे पडून पुन्हा इंट्यून हेच नाव आले, आणि पडदे तर इतके बदलले आहेत की पुस्तकातील चित्र पाहून बटण शोधणाऱ्याचा वेळ वायाच जातो. मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावर परीक्षेचा चालू अभ्यासक्रम मोफत दिलेला असतो आणि तो अधूनमधून बदलतो, म्हणून आरंभी एकदा आणि परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी पुन्हा एकदा तो वाचावा.

आता सरावाविषयी. आपल्या लक्षात आले आहे की नाही ठाऊक नाही, पण बिझनेस प्रीमियमच्या परवान्यात इंट्यूनचा प्लॅन १ आणि एन्ट्रा आयडीचा पी१ हे दोन्ही आधीच समाविष्ट आहेत. म्हणजे ज्यासाठी कंपनीने पैसे भरले आहेत त्यातील मोठा भाग आपल्याकडे न वापरता पडून आहे. तरीही सराव तेथे करू नये, हा आपला विचार बरोबर आहे, कारण कंडिशनल ॲक्सेसचे (कोणाला कोणत्या अटींवर प्रवेश द्यायचा हे ठरवणारे) एक चुकीचे धोरण सगळ्यांना लावले तर संचालकांसकट प्रशासकही ईमेलच्या बाहेर राहू शकतो. सरावासाठी वेगळा टेनंट, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सेवेतील संस्थेचा स्वतंत्र कप्पा, हवा. पूर्वी विकासकांसाठीचा मोफत टेनंट कोणालाही सहज मिळत असे, परंतु २०२४च्या आरंभापासून तो बहुतेकांना मिळेनासा झाला आहे. इंट्यूनची ३० दिवसांची मोफत चाचणी मात्र उपलब्ध असते. ती घाईने सुरू करू नये. आधी वाचन पूर्ण करावे, काय काय करून पाहायचे याची यादी वहीत लिहून ठेवावी आणि मगच चाचणी सुरू करावी, अन्यथा पहिले दोन आठवडे मेनू ओळखण्यातच जातात.

चाचणीसाठी खरा लॅपटॉप हाताशी नसेल तर विंडोज प्रो असलेल्या संगणकावर हायपर-व्ही (संगणकात आभासी यंत्र चालवण्याची सोय) चालू करून त्यात विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती टाकावी. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, तेव्हा आभासी यंत्र दुसऱ्या पिढीचे निवडावे आणि त्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये टीपीएम चालू करावे. ऑटोपायलटची (नवे यंत्र कंपनीच्या सेटिंगनुसार आपोआप तयार करण्याच्या सोयीची) वापरकर्त्याने साइन-इन करून पुढे नेण्याची पद्धत अशा आभासी यंत्रावर व्यवस्थित करून पाहता येते. मात्र सेल्फ-डिप्लॉयिंग (वापरकर्त्याविना तयारी) आणि प्री-प्रोव्हिजनिंग (वापरकर्त्याला देण्यापूर्वीची तयारी) या दोन पद्धतींना खरे टीपीएम लागत असल्यामुळे त्या तेथे चालत नाहीत. ही मर्यादा स्वतःच परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण कोणत्या परिस्थितीत कोणती पद्धत निवडावी असा प्रश्न हमखास येतो.

अभ्यासक्रमातील शीर्षकांच्या क्रमाने अभ्यास न करता एकाच लॅपटॉपचा प्रवास खोक्यातून बाहेर पडल्यापासून भंगारात जाईपर्यंत पाहावा, असे माझे मत आहे. विक्रेत्याने लॅपटॉपचा हार्डवेअर हॅश (यंत्राची ओळख पटवणारा संकेत) नोंदवला. पुण्यातील माणसाने खोके उघडून वायफाय जोडले आणि त्याला कंपनीच्या नावाचे साइन-इन दिसले. यंत्र एन्ट्राला जोडले गेले आणि इंट्यूनमध्ये आपोआप नोंदले गेले. एन्रोलमेंट स्टेटस पेजने आवश्यक सॉफ्टवेअर बसेपर्यंत डेस्कटॉप रोखून धरला. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कूटबद्ध करणारी सोय) चालू होऊन त्याची रिकव्हरी की एन्ट्रामध्ये साठली. पुढे अपडेट येत राहिले, एक दिवस यंत्र नियमांत बसेनासे झाले आणि त्याला ईमेल नाकारले गेले. शेवटी माणूस नोकरी सोडून गेला आणि यंत्र पुसून दुसऱ्याला दिले गेले. या प्रत्येक टप्प्यावर थांबून ‘हे कोणत्या सेटिंगमुळे घडले, त्यासाठी कोणता परवाना लागला आणि ते घडले नाही तर मी कोठे पाहीन’ हे तीन प्रश्न विचारले, तर अभ्यासक्रमाचा फार मोठा भाग त्यातच येऊन जातो.

ग्रुप पॉलिसीवरून येणाऱ्यांची सर्वाधिक गल्लत तीन गोष्टींत होते असे मी पाहिले आहे. कॉन्फिगरेशन प्रोफाइल यंत्रावर सेटिंग लावते, कंप्लायन्स पॉलिसी यंत्राची स्थिती तपासून ते नियमांत बसते की नाही एवढेच ठरवते, आणि त्या निकालावरून दार उघडायचे की नाही हे कंडिशनल ॲक्सेस ठरवते. डोमेनच्या जगात यंत्र कार्यालयाच्या जाळ्यात आहे हाच विश्वासाचा पुरावा मानला जात असे. येथे यंत्र कोठेही असू शकते, म्हणून विश्वास दरवेळी तपासावा लागतो, आणि म्हणूनच एका कामाचे हे तीन तुकडे पाडलेले आहेत. यातील एक बारकावा लक्षात ठेवावा. ज्या यंत्राला कोणतीही कंप्लायन्स पॉलिसी दिलेली नाही ते मूळ सेटिंगनुसार नियमांत बसणारे मानले जाते. कंडिशनल ॲक्सेस वापरणाऱ्या संस्थेने ती सेटिंग बदलणे शहाणपणाचे ठरते, आणि प्रश्नात दिलेल्या तक्त्यात नेमके असेच एखादे यंत्र लपवलेले असते.

दुसरी सवय बदलावी लागते ती वेळेची. ग्रुप पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी, त्यात थोडा यादृच्छिक विलंब मिळवून, पुन्हा वाचली जाते आणि घाई असेल तर आपण आदेश देऊन ती लगेच वाचायला लावतो. इंट्यूनमध्ये नव्याने नोंदलेले विंडोज यंत्र पहिली १५ मिनिटे दर ३ मिनिटांनी, नंतर २ तास दर १५ मिनिटांनी आणि त्यापुढे सुमारे दर ८ तासांनी विचारणा करते. कन्सोलमधून सिंक पाठवता येते, पण यंत्र बंद असेल तर तिचा काही उपयोग नाही. त्यातच डायनॅमिक (नियमानुसार आपोआप भरणाऱ्या) गटाचे सदस्यत्व ठरायला वेळ लागतो, म्हणून जेथे शक्य असेल तेथे मोठा गट आणि त्यावर फिल्टर अशी रचना अनेकदा बरी पडते, कारण फिल्टर यंत्राच्या विचारणेच्या वेळीच तपासला जातो.

मुळामुठा यांचे उत्तर

वरील उत्तरात विषय चांगला आला आहे, म्हणून मी केवळ परीक्षेच्या व्यवहाराविषयी लिहिते. मागच्या वर्षी मी ही परीक्षा दिली आहे.

आपल्या इंग्रजी वाचनाच्या अडचणीसाठी एक सोय आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. परीक्षा आपल्या पसंतीच्या भाषेत उपलब्ध नसेल तर ३० मिनिटे जादा वेळ मागता येतो. ही परीक्षा मराठीत होत नसल्यामुळे आपण तो मागू शकता. अट एवढीच की हा अर्ज परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी करून त्याची मंजुरी मिळवावी लागते. तारीख घेतल्यानंतर आठवण झाली तर उपयोग होत नाही. प्रयोगशाळेचे प्रश्न (प्रत्यक्ष करून दाखवायची कामे) नसलेल्या या स्तरावरील परीक्षेला एरवी १०० मिनिटे मिळतात, त्यामुळे ही जादा ३० मिनिटे काही किरकोळ नव्हेत.

उत्तीर्ण होण्यासाठी १०००पैकी ७०० गुण लागतात. मात्र याचा अर्थ सत्तर टक्के प्रश्न बरोबर आले की झाले असा नाही, कारण हे गुण प्रमाणित केलेले असतात आणि काही प्रश्न तर केवळ चाचणीसाठी घातलेले, गुण नसलेले असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. एकाच परिस्थितीवर वेगवेगळे उपाय देऊन ‘यातून उद्दिष्ट साध्य होते का’ असे होय-नाही विचारणारी मालिका येते. तिच्यातील प्रश्न पुढे गेल्यावर मागे येऊन बदलता येत नाही. एखाद्या काल्पनिक कंपनीचे संपूर्ण वर्णन देऊन त्यावर प्रश्न विचारणारा विभागही येऊ शकतो. तेथे मी आधी प्रश्न वाचला आणि मग वर्णनात हवा तेवढाच भाग शोधला. सावकाश वाचणाऱ्यांना ही रीत अधिक सोयीची आहे.

परीक्षा चालू असताना मायक्रोसॉफ्ट लर्नची पाने पाहण्याची परवानगी २०२३पासून आहे, पण घड्याळ थांबत नाही. ज्याला नेमके कोणते पान हवे आहे हे ठाऊक आहे त्यालाच तिचा लाभ होतो. अमुक आवृत्तीला तमुक सुविधा मिळते का, अपडेट किती दिवस पुढे ढकलता येते, अशा कोरड्या तपशिलांसाठी मी ती राखून ठेवली होती. संकल्पनाच नवी असेल तर तेथे जाऊन वाचत बसणे म्हणजे उरलेल्या प्रश्नांचा वेळ खाणे होय.

घरून परीक्षा देण्याची सोय आहे, तथापि मी केंद्रात जाणेच पसंत केले. घरून देताना खोली रिकामी असावी लागते, मध्ये कोणी डोकावले तरी परीक्षा रद्द होऊ शकते, आणि आमच्याकडे पुणे परिसरात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे निराळेच. दुसरे असे की आपल्या खात्यातील नाव ओळखपत्रावरील नावाशी जुळले पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर आडनाव आधी येते, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे तर प्रत्येक कागदावर वेगळेच असते. हे काम परीक्षेच्या आदल्या दिवशी काढू नये.

अनुत्तीर्ण झाल्यास पहिल्यांदा २४ तासांनी पुन्हा देता येते, त्यापुढे प्रत्येक प्रयत्नामध्ये १४ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. शुल्क दरवेळी भरावे लागते, हे संचालकांना आधीच सांगून ठेवलेले बरे. प्रमाणपत्र एका वर्षाचे असते. मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत घरबसल्या, विनाशुल्क मूल्यांकन देऊन ते आणखी एक वर्ष वाढवता येते.

वऱ्हाडी_सर्व्हर यांचे उत्तर

तंत्रवाट यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु ग्रुप पॉलिसीच्या अनुभवाविषयी थोडे वेगळे मत मांडतो. तो अनुभव मुळीच वाया जात नाही. विंडोजमध्ये कोणती सेटिंग कशासाठी असते, ती रजिस्ट्रीत कोठे बसते, प्रमाणपत्रे कशी वाटतात, स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड प्रत्येक यंत्रावर वेगळा का असावा, हे ज्याने हाताने केले आहे त्याला इंट्यूनचा सेटिंग्ज कॅटलॉग उघडल्यावर निम्मी नावे ओळखीची वाटतात. लॅप्सचेच, म्हणजे स्थानिक प्रशासकाचे पासवर्ड सांभाळणाऱ्या साधनाचेच, उदाहरण घ्या. पूर्वी ते वेगळे बसवून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पासवर्ड साठवावा लागे. एप्रिल २०२३च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच अंतर्भूत झाले आणि पासवर्ड एन्ट्रामध्येही साठवता येऊ लागला. ज्याला जुनी पद्धत माहीत आहे त्याला येथे फक्त साठवणुकीची नवी जागा शिकायची उरते.

आपल्या सध्याच्या ग्रुप पॉलिसी एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढून इंट्यूनमधील ग्रुप पॉलिसी ॲनालिटिक्समध्ये चढवाव्यात. कोणती सेटिंग नव्या व्यवस्थेत उपलब्ध आहे, कोणती नाही आणि कोणती कालबाह्य झाली आहे हे ते साधन दाखवते. यात चालू यंत्रांना धक्का लागत नाही, आणि परीक्षेचा अभ्यास व कारखान्याचे काम एकाच वेळी पुढे सरकते. आमच्याकडे या निमित्ताने इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातील धोरणे अजून लटकत असलेली सापडली. आपल्याकडेही सापडतील अशी माझी पैज आहे.

एकाच यंत्रावर ग्रुप पॉलिसी आणि इंट्यून दोन्हीकडून एकच सेटिंग वेगवेगळ्या मूल्यांनी आली तर सामान्यतः ग्रुप पॉलिसी वरचढ ठरते. इंट्यूनला वरचढ करण्यासाठी वेगळे धोरण द्यावे लागते, आणि तेही पॉलिसी सीएसपी या विंडोजमधील गटातल्या सेटिंगपुरतेच लागू होते. दोन कंप्लायन्स पॉलिसींत विरोध आला तर कडक असलेली लागू होते, परंतु दोन कॉन्फिगरेशन प्रोफाइलांत विरोध आला तर इंट्यून न्यायनिवाडा करीत बसत नाही, केवळ ‘कॉन्फ्लिक्ट’ असे दाखवून प्रश्न आपल्यावर सोडते. हे तीन नियम कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवावेत, कारण परीक्षेतील तक्ते यांच्याच सरमिसळीवर बेतलेले असतात.

हायब्रिड जोडणीविषयी मात्र सावध राहावे. सर्व्हर कारखान्यातच आहे म्हणून नवे लॅपटॉपही डोमेन आणि एन्ट्रा अशा दोन्हीकडे जोडावेत, असे आपल्याला सहज वाटेल. जुन्या यंत्रांसाठी तो मार्ग ठीक आहे. नव्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस थेट एन्ट्राला जोडण्याचीच आहे, कारण ऑटोपायलटमधून हायब्रिड जोडणी करायची म्हटली की इंट्यून कनेक्टर बसवा, पुण्यातील यंत्राला डोमेन कंट्रोलरपर्यंत (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) वाट द्या, असे एकेक झंझट मागे लागते. ‘मग टॅलीचा सर्व्हरवरील सामायिक फोल्डर उघडणार कसा’ ही शंका येईलच. वापरकर्त्यांची खाती एन्ट्रा कनेक्टद्वारे समक्रमित असतील आणि यंत्राला डोमेन कंट्रोलर दिसत असेल, तर केवळ एन्ट्राला जोडलेल्या यंत्रावरूनही तो फोल्डर पुन्हा पासवर्ड न विचारता उघडतो. विंडोज हॅलोच्या पिनने साइन-इन करणाऱ्यांसाठी क्लाउड कर्बेरॉस ट्रस्ट ही ओळख पटवणारी जोडणी तेवढी बसवावी लागते. अडते ते संगणकाच्या स्वतःच्या डोमेन खात्यावर अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरचे. असे काही आपल्याकडे आहे का, हे आताच पाहून ठेवावे.

सॉफ्टवेअर वाटपावर जरा अधिक वेळ द्यावा, कारण हा भाग वाचून अजिबात येत नाही. कॅडसारखे सॉफ्टवेअर इंट्यूनला चालणाऱ्या इंट्यूनविन स्वरूपात बांधायचे, ते मूकपणे बसवण्याचा आणि काढण्याचा आदेश लिहायचा, आणि ते बसले आहे हे ओळखण्याचा नियम द्यायचा. तो नियम एमएसआय (विंडोजमधील सॉफ्टवेअर बसवण्याची फाइल) हिच्या उत्पादन क्रमांकावरून, फाइलवरून, रजिस्ट्रीवरून किंवा स्क्रिप्टवरून देता येतो. सॉफ्टवेअर प्रत्यक्षात बसलेले असूनही कन्सोलमध्ये ‘फेल्ड’ दिसते तेव्हा बहुतेक वेळा हा ओळखण्याचा नियमच चुकलेला असतो. कारण शोधायचे तर यंत्रावरील प्रोग्रॅमडेटा फोल्डरात मायक्रोसॉफ्टच्या खाली इंट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शनच्या नोंदी असतात, त्या वाचाव्यात. सरावात एखादे सॉफ्टवेअर मुद्दाम चुकीचा नियम देऊन बसवावे आणि त्या नोंदींत काय उमटते ते पाहावे. व्हिडिओ पाहून हे लक्षात राहत नाही.

कुपवाड_एमआयडीसी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवान्यात इंट्यून आधीच आहे, हे वाचून मी प्रशासन केंद्र उघडून पाहिले आणि ते खरोखरच तेथे आहे. जादा वेळेचा अर्ज मी तारीख घेण्यापूर्वी करीन.

दोन शंका उरल्या आहेत. फिरतीवरचे अभियंते स्वतःच्या मोबाइलवर कंपनीचे ईमेल पाहतात आणि मोबाइल कंपनीच्या ताब्यात देण्यास त्यांची तयारी नाही. परीक्षेत मोबाइलचा भाग किती असतो आणि अशा ठिकाणी काय करणे अपेक्षित असते? दुसरी शंका अशी की नव्या लॅपटॉपपैकी काहींवर विंडोज होम आवृत्ती आलेली आहे, कारण खरेदी विभागाने सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर केले. त्यांचे काय करावे? क्लासच्या प्रश्नसंचांविषयी कोणी लिहिले नाही, त्यावरही मत मिळावे.

आखाती_मराठी यांचे उत्तर

मी दुबईत एका बांधकाम कंपनीची यंत्रे सांभाळतो आणि आमच्याकडे मोबाइलच अधिक आहेत, म्हणून त्या भागावर लिहितो. परीक्षेत विंडोजचा वाटा सर्वांत मोठा असला तरी अँड्रॉइड आणि आयओएस वगळून चालत नाही, आणि डोमेनच्या जगातून आलेले उमेदवार येथेच गुण घालवतात.

अभियंत्यांच्या स्वतःच्या मोबाइलबाबत त्यांची भूमिका रास्त आहे, आणि त्यावर उपायही आहे. ॲप प्रोटेक्शन पॉलिसी यंत्राची नोंदणी न करताही लावता येते. तीत आउटलुक किंवा टीम्स उघडताना वेगळा पिन मागता येतो, तेथील मजकूर व्हॉट्सॲपमध्ये चिकटवण्यास मनाई करता येते आणि माणूस सोडून गेल्यावर केवळ कंपनीचा विदा (डेटा) पुसता येतो. त्याच्या घरच्या छायाचित्रांना हात लागत नाही. प्रश्नात ‘वैयक्तिक यंत्र, नोंदणी नको’ असे शब्द दिसले की उत्तर बहुधा येथेच असते. अँड्रॉइडवर नोंदणी चालणार असेल तर वर्क प्रोफाइल (मोबाइलमधील कामाचा वेगळा कप्पा), कंपनीच्या मालकीचे पण वैयक्तिक वापराला मुभा असलेले यंत्र असेल तर कंपनीच्या मालकीचे वर्क प्रोफाइल, पूर्णपणे कामाचे असेल तर फुली मॅनेज्ड, आणि गोदामात अनेकांनी मिळून वापरायचे असेल तर डेडिकेटेड, असा तो विचार आहे. जुन्या पुस्तकांतील डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर पद्धतीकडे पाहू नये, कारण गुगलच्या सेवा असलेल्या यंत्रांसाठी इंट्यूनने तिचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपवला.

आयफोनच्या बाबतीत एकच गोष्ट ठसवून सांगतो. ॲपलचे पुश प्रमाणपत्र (आयफोन इंट्यूनमधून सांभाळण्यासाठी लागणारे) दरवर्षी नूतनीकृत करावे लागते, आणि तेही ज्या ॲपल खात्यावरून प्रथम घेतले त्याच खात्यावरून. नवे प्रमाणपत्र घेऊन बसलात तर प्रत्येक आयफोनची नोंदणी पुन्हा करावी लागते. म्हणून ते खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत ईमेलवर कधीही काढू नये. परीक्षेतही हा मुद्दा येऊ शकतो आणि प्रत्यक्षात तर तो हमखास अंगाशी येतो.

यंत्र परत घेण्याच्या आज्ञांतील फरकही नीट समजून घ्यावा. रिटायर केल्यास कंपनीचा विदा आणि धोरणे जातात, बाकीचे राहते. वाइपने यंत्र कारखान्यातून आल्यासारखे होते. ऑटोपायलट रीसेट एन्ट्राची जोडणी आणि इंट्यूनची नोंदणी राखून वैयक्तिक फाइली व सेटिंग काढते, म्हणजे तेच यंत्र दुसऱ्या कर्मचाऱ्याला द्यायचे असेल तेव्हा ते सोयीचे, पण हायब्रिड जोडलेल्या यंत्रावर ते चालत नाही. आणि यंत्र विकायचे असेल तर वाइप पुरेसे नाही, ऑटोपायलटमधील नोंदही काढावी लागते. अन्यथा लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याला पहिल्याच पडद्यावर आपल्या कारखान्याचे नाव आणि साइन-इनची मागणी दिसेल.

प्रश्नसंचांविषयी माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नयेत. खऱ्या परीक्षेतील प्रश्न मिळवून वापरणे हा नियमभंग असून त्यापायी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांना बंदी येऊ शकते. त्यातील उत्तरे अनेकदा चुकीची किंवा जुनी असतात ही गोष्ट वेगळीच. मायक्रोसॉफ्ट लर्नवर या परीक्षेची सराव चाचणी मोफत आहे. तीत प्रत्येक उत्तराचे कारण आणि संबंधित पानाचा दुवा दिलेला असतो. ती पुन्हा पुन्हा सोडवून उत्तरे पाठ होतात, म्हणून गुणांपेक्षा कारणे वाचण्याकडे लक्ष द्यावे. शिवाय आपल्याला हे शिकून दीडशे यंत्रे चालवायची आहेत. घोकलेली उत्तरे तेथे कोणाच्या कामी येणार?

तंत्रवाट यांचे उत्तर

होम आवृत्तीचा प्रश्न राहिला आहे, तेवढे लिहितो. विंडोज होम एन्ट्राला जोडता येत नाही, केवळ वैयक्तिक यंत्र म्हणून नोंदवता येते, त्यामुळे ऑटोपायलटचा मार्ग तेथे बंद आहे. बिझनेस प्रीमियमच्या परवान्याने होमचे प्रो होईल अशी अनेकांची समजूत असते, ती खरी नाही. त्या परवान्यातून मिळणारी विंडोजची बढती प्रोपासून पुढची आहे. होमवरून प्रोवर जाण्यासाठी प्रत्येक यंत्राला वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत मिळवली की कोटेशनमधील बचत बहुधा उरत नाही. खरेदी विभागासमोर हा हिशेब यंत्रागणिक मांडावा.

पुढील खरेदीच्या मागणीपत्रात तीन अटी लिहून द्याव्यात. विंडोज ११ प्रो आधीच बसवलेले असावे, टीपीएम २.० असावे, आणि विक्रेत्याने यंत्रांची ऑटोपायलट नोंदणी आपल्या टेनंटमध्ये करून द्यावी. शेवटची अट सगळेच विक्रेते पाळू शकत नाहीत. अशा वेळी पॉवरशेलच्या स्क्रिप्टने प्रत्येक यंत्राचा हॅश काढून स्वतः चढवता येतो, किंवा २०२४ मध्ये आलेली ऑटोपायलट डिव्हाइस प्रिपरेशन ही पद्धत वापरता येते, जिच्यात हॅश नोंदवावाच लागत नाही. तिला अद्ययावत विंडोज ११ लागते आणि ती हायब्रिड जोडणीला उपयोगी नाही. या दोन पद्धतींतील फरक अभ्यासातही नीट पाहून ठेवावा.

पुण्याच्या कार्यालयातील इंटरनेट जोडणी लहान असेल, तर तेथील यंत्रांना डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनचे धोरण लावावे, म्हणजे अपडेटचे तुकडे ती यंत्रे एकमेकांकडून घेतील. अपडेट रिंग, म्हणजे अपडेट टप्प्याटप्प्याने देण्यासाठीचे गट, किमान दोन कराव्यात. पहिल्या रिंगमध्ये आपण दोघे आणि लेखा विभागातील एखादे उत्साही गृहस्थ असावेत, आणि उरलेल्यांना दर्जाविषयक अपडेट काही दिवस उशिरा मिळावे. हा उशीर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतो, फीचर अपडेटचा ३६५ दिवसांपर्यंत. महिनाअखेरीस जीएसटीचे काम चालू असताना लेखा विभागाच्या यंत्रांनी आपणहून रीस्टार्ट घेऊ नये, यासाठी त्यांचे ॲक्टिव्ह अवर्स (रीस्टार्ट टाळायचे तास) मात्र आधी ठरवून घ्यावेत.